मुंबईचें सेंट थॉमस कॅथीड्रल

मुंबईच्या कोटांतील सेंट थॉमस कॅथीड्रल पाहावयास जाणाऱ्या रसिकाची प्रथमदर्शनीं निराशा होण्याचा संभव आहे. गॉथिक शैलीच्या रेखीव मंदिरांची कल्पना मनांत बाळगून आलेल्यास येथें जाड भिंतींची, कांहींशी बोजड वास्तु आढळते. परंतु या वास्तूचें परीक्षण केवळ सौंदर्याच्या कसोटीवर करणें अन्यायाचें होईल. तिचें रूप समजावयाचें तर आधीं तिचें चरित्र वाचलें पाहिजे.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या प्रेरणेनें १६७६ च्या सुमारास या मंदिराचें काम सुरू झालें. पण तो वारल्यावर तें थांबलें, आणि अर्धवट भिंती सुमारें ४० वर्षें तशाच उभ्या राहिल्या. पुढें रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकानें १७१५ मध्यें पूर्ततेची खटपट आरंभिली, व १७१८ च्या नाताळांत मंदिर उपासनेस खुलें झालें. १८३७ मध्यें मुंबईस बिशपचें पीठ होऊन त्यास कॅथीड्रलची पदवी मिळाली. त्यानंतर मनोरा चढला, आणि वेदीकडील भाग १८६० नंतरच्या दशकांत नव्यानें बांधला गेला. एकसूत्रीपणाचा जो अभाव डोळ्यांस खुपतो, तो असा तीन पिढ्यांच्या निरनिराळ्या गरजांतून आलेला आहे. मंदिराकडे जाणाऱ्या कोटाच्या वेशीस चर्चगेट म्हणत. त्याच दशकांत तट पडला, वेसही गेली, नांव मात्र आगगाडीच्या स्थानकानें राखिलें.

टीकाकाराची खरी परीक्षा आंतील संगमरवरी स्मारकांपाशीं होते. १८११ मध्यें वारलेला गव्हर्नर जोनाथन डंकन याचें स्मारक घ्या. काशी व काठेवाड येथील बालहत्येची चाल बंद पाडल्याचें श्रेय तें त्यास देतें. काम सुबक आहे. पण तें खरें मानावें काय? मुलींच्या हत्येस आळा घालण्यासाठीं सरकारास १८७० मध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला, ही एकच गोष्ट त्या दगडाचा आत्मविश्वास किती अकालीं होता हें दाखविण्यास पुरेशी आहे.

म्हणून हीं स्मारकें राज्यकर्त्यांची आत्मस्तुति म्हणून टाकून द्यावींत, असें आमचें मत नाहीं. डंकनची तळमळ खोटी नव्हती. काशीस १७९१ मध्यें संस्कृत पाठशाळा स्थापणारा हाच पुरुष. खोटी होती ती कार्यसिद्धीची घोषणा. एका पक्षाच्या साक्षीदाराचा जबाब जसा उलटतपासणी करूनच स्वीकारावयाचा, तसाच हाही. शिवाय ज्या मुलींसाठीं तें श्रेय मागितलें, त्यांचें स्वतःचें स्मारक कोठेंच नाहीं. त्यांची आठवण नकळत राखणाऱ्या थोड्या शिळांपैकीं ही एक आहे.

मंदिराच्या जीर्णोद्धारास २००४ मध्यें युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दगड जपले गेले हें चांगलेंच झालें. आतां ते डोळसपणें वाचणारे वाचक हवेत.