तथागतांची शेती : कसिभारद्वाज सुत्तातील रूपक आणि शब्दार्थ

दुष्काळाने संसार मोडकळीस आला म्हणजे बीड जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी म्हणतो, 'आभाळच फाटले, ठिगळ कुठे लावावे?' हे ऐकून कोणी सुईदोरा शोधीत नाही. लक्षणेने बोलणे व समजणे ग्रामीण माणसाच्या अंगवळणी पडलेले आहे. तोच माणूस विहारात सुत्त ऐकावयास बसला की त्याने प्रत्येक शब्द जसाच्या तसा मानावा, अशी अपेक्षा का केली जाते? 'सुत्तनिपाता'तील कसिभारद्वाज सुत्ताच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल.

मगधातील एकनाळा या ब्राह्मणग्रामात पेरणीच्या हंगामात भारद्वाजाचे ५०० नांगर चालू आहेत. भिक्षेसाठी उभ्या असलेल्या तथागतांना तो सुनावतो की, आपण नांगरतो, पेरतो आणि मग खातो. श्रमणानेही तसेच करावे. आपणही नांगरतो व पेरतो, असे तथागत उत्तर देतात. त्यावर जू, नांगर, फाळ, पराणी, बैल यांपैकी काहीच दिसत नाही, अशी भारद्वाजाची तक्रार आहे. तो शब्दाला चिकटून बसला आहे. तेव्हा तथागत रूपक उलगडतात : श्रद्धा हे बी, तप हा पाऊस, प्रज्ञा हे जू व नांगर, लज्जा ही हळस, मन हे जोते, स्मृती हा फाळ व पराणी, वीर्य हा बैल आणि सत्य ही निंदणी. या शेतीचे पीक अमृत होय. पालीतील 'निद्दान' व 'योत्त' हे शब्द आपल्या 'निंदणी' व 'जोते' यांच्या किती जवळचे आहेत, हे शेतकरी श्रोत्याला सांगावे लागत नाही.

अडचण पुढे येते. संतुष्ट झालेला भारद्वाज खीर देऊ करतो. गाथा म्हणून मिळालेले अन्न तथागत नाकारतात. ती खीर पाण्यात टाकताच, दिवसभर तापलेला फाळ पाण्यात पडावा तशी चरचरते. भाविक निरूपणकार नेमका येथे रमतो व चमत्कार वर्णू लागतो. हेच सुत्त 'संयुत्तनिकाया'तही आहे. तेथे भोजनाची विनंती आहे, नकार आहे. चरचरणे मात्र नाही. तरीही बोधात काही उणे पडत नाही. धम्म सांगणे हा मोबदल्याचा व्यवहार नव्हे, हाच तो बोध. चमत्काराच्या कौतुकात तो मागे पडतो, आणि गाथांचे मोल घेणाऱ्याला हे सोयीचे ठरते.

जे सुत्त 'नेय्यत्थ' म्हणजे अर्थ उलगडून घ्यावयाचे आहे त्याला 'नीतत्थ' म्हणजे उघड अर्थाचे म्हणणारा, तसेच याच्या उलट करणारा, असे दोघेही तथागतांचा विपर्यास करतात, असे 'अंगुत्तरनिकाया'त म्हटले आहे. दुसरी चूकही पहिलीइतकीच घातक आहे. सर्वच रूपक मानले, तर श्रम न करता का खावे, हा भारद्वाजाचा सरळ प्रश्नही रूपकात विरून जातो. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच प्रश्नाला भिडणारी पृच्छा केली आहे : भिक्खूचे प्रयोजन परिपूर्ण मनुष्य होणे, की समाजसेवक होणे?

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडतात. अनेक मुलांची शाळा मध्येच सुटते. अशा उपासकांच्या दानावर विहार उभा असेल, तर प्रज्ञेचा नांगर त्यांच्या वस्तीत चालला पाहिजे. भारद्वाजाला नांगर दिसला नाही, तो त्याच्या आकलनाचा दोष होता. आज तो उपासकांना दिसत नसेल, तर दोष पाहणाऱ्याचा की नांगरणाऱ्याचा, हे आपल्या विहारांनी तपासणे अगत्याचे आहे.