डॉर्किंगची लढाई, जी कधी झालीच नाही

गेल्या दिवाळीत एका काकांनी विचारलं, “पीएच.डी. नेमकी कशावर चाललीय तुझी?” मी म्हटलं, “न झालेल्या युद्धांवर.” काकांनी एक चकली उचलली आणि विषय बदलला. त्यांचा दोष नाही. पण तेव्हापासून मनात होतं, की माझ्या चौथ्या प्रकरणातली कथा एकदा इथे साध्या भाषेत सांगून टाकायची. शिवाय ते प्रकरण सध्या माझ्याच अंगावर उलटलंय. ते का, हे शेवटी येईलच.

कथेचं नाव ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’. मे १८७१ मध्ये ‘ब्लॅकवूड्स’ मासिकात लेखकाच्या नावाशिवाय छापून आली. अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला, मग सहा पेन्सांची पुस्तिका निघाली आणि तीही हातोहात खपली. डॉर्किंग हे लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातलं गाव. शेजारी डोंगराची लांब धार आहे. त्या धारेवर इंग्लंडच्या शेवटच्या फौजेने शत्रूला अडवायचा प्रयत्न केला आणि ती हरली, अशी ही गोष्ट. सांगणारा एक म्हातारा. पन्नास वर्षांपूर्वी तो सरकारी कचेरीत कारकून होता आणि हौशी व्हॉलंटियर पलटणीत शिपाई. आता तो नातवंडांना आपल्या तरुणपणची हकिगत सांगतोय, आणि ती नातवंडं देश सोडून दूरच्या, बऱ्या स्थितीतल्या मुलुखात निघालीयत. इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी काही उरलेलं नाही.

ही कथा कुठल्या हवेत आली ते लक्षात घ्या. सप्टेंबर १८७० मध्ये सेदांला फ्रान्सची फौज प्रशियापुढे शरण गेली, जानेवारी १८७१ मध्ये पॅरिस पडलं. युरोपातलं बलाढ्य म्हणून मिरवणारं सैन्य काही महिन्यांत कोसळलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. इंग्लंडमध्ये त्याच वेळी लष्करातल्या हुद्द्यांची खरेदी-विक्री बंद करण्यावरून वाद पेटला होता. म्हणजे वाचक आधीच धास्तावलेला होता, कथेने त्या धास्तीला गावाचं नाव दिलं एवढंच.

आता कथेतलं इंग्लंड बघा. व्यापारात गढलेलं, खाऊनपिऊन सुखी, स्वतःला शांतताप्रिय समजणारं राष्ट्र. शत्रूचं नाव लेखक कुठेच घेत नाही, पण त्याचे शिपाई जर्मन बोलतात, तेव्हा लपवण्यासारखं काही राहत नाही. हा शत्रू हॉलंड आणि डेन्मार्क गिळतो, इंग्लंडमध्ये संतापाची लाट येते आणि सरकार युद्ध पुकारतं. युद्ध पुकारल्यावर मग सगळ्यांना आठवतं, की अरे, सैन्य कुठाय? थोडं हिंदुस्थानातलं बंड मोडायला गेलंय, दहा हजार कॅनडाच्या रक्षणाला गेलेत, उरलेल्यातलं निम्मं आयर्लंडमध्ये अडकलंय. आरमार जगभर पांगलेलं. आणि दारूगोळ्याचा मोठा कारखाना सगळ्या देशात मिळून एकच, वुलिचचा.

इथून पुढची पानं मला सगळ्यात आवडतात. घाईघाईने शस्त्रं गोळा करणारा देश कसा दिसतो, हे इतक्या बारकाईने त्याआधी कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. पार्लमेंट भराभर पैसे आणि माणसं मंजूर करतं, पण मंजूर झालेला माणूस शिपाई व्हायला वेळ लागतो आणि वेळच तर नसतो. शेअर बाजार गडगडतो, बँकांपुढे झुंबड उडते. आरमार जमवाजमव करून समुद्रात जातं ते मागे तारेची केबल सोडत, म्हणजे लढाईची खबर मिनिटामिनिटाला लंडनला कळावी. खबर कळते. पाण्यातल्या नव्या विनाशक यंत्रांनी आरमार बुडवलेलं असतं, आणि चिलखती जहाजांपैकी एकच कसंबसं बंदरात परत येतं. आजच्या थेट प्रक्षेपणाची सवय असलेल्या आपल्यालाही हा प्रसंग चरकवतो. बातमी सगळ्यांत वेगवान, बाकी सगळं संथ.

मग या कारकुनांच्या पलटणीची फरपट सुरू होते. हुकूम येतो, रद्द होतो, पुन्हा येतो. गाडीत बसा, उतरा, चाला, थांबा. कुणाच्या हाताखाली आहोत ते कुणालाच ठाऊक नाही. पोटात अन्न नाही, कारण हजारो माणसांना जेवू घालायची व्यवस्था असते आणि ती आधीपासून उभी करावी लागते, हेच कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. उत्साहाला तोटा नाही. पोरं मरायला तयार आहेत, फक्त कुठे उभं राहून मरायचं ते त्यांना कुणी सांगत नाही. आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात. या कथेत विहीर खणायला दोनशे माणसं जमलीत आणि कुदळ कुठे ठेवलीय ते कुणालाच माहीत नाही, असा प्रकार आहे.

लेखक स्वतः लष्करी इंजिनियर होता, हे या पानांमधून दिसतं. जॉर्ज चेस्नी त्याचं नाव. बंगाल इंजिनियर्समधला अधिकारी. १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात होता, शहरावरच्या हल्ल्यात गंभीर जखमी झाला. कथा लिहिली तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता आणि हिंदुस्थानच्या बांधकाम खात्याला इंजिनियर पुरवणारं कूपर्स हिलचं कॉलेज उभारत होता. फौज म्हणजे आधी रस्ते, गाड्या, पाणी, पाव, आणि मग बंदुका, हे त्याला अनुभवाने कळलेलं होतं. म्हणून कथेत शौर्यापेक्षा खोळंबा जास्त आहे, आणि तो खोळंबाच खरा वाटतो.

शेवटचा मोठा प्रसंगही तसाच. पराभवानंतर निवेदक आपल्या जखमी मित्राला, ट्रॅव्हर्सला, त्याच्या सर्बिटनच्या घरी आणतो. मित्र वाचत नाही. त्याचा लहान मुलगाही तोफगोळ्याने गेलेला. आणि त्याच घरात थोड्या वेळाने शत्रूचे शिपाई येऊन जेवायला बसतात, पोटभर खातात आणि इंग्लंडच्या व्हॉलंटियरांची टिंगल करतात. निवेदक पडल्या पडल्या ऐकत असतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत पुस्तक मिटून जरा बाहेर जाऊन आले.

इथवर स्तुती झाली. आता माझी तक्रार.

पहिली तक्रार कथेच्या तात्पर्याबद्दल. म्हातारा शेवटी या सगळ्याचं खापर फोडतो कुणावर? सत्ता परंपरेने राज्य करणाऱ्या वर्गाकडून अशिक्षित, राजकारणाची सवय नसलेल्या खालच्या वर्गाच्या हातात चालली होती, त्यावर. १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरी कामगारांपैकी बऱ्याच जणांना मत मिळालं होतं, त्याला चारच वर्षं झाली होती. पण कथेत जे घडतं ते याला जुळतच नाही. फौज पांगवली ती सरकारने, रसदीचा विचार केला नाही तो अधिकाऱ्यांनी. कामगाराच्या मताने कुठली आगगाडी चुकली? प्रसंग एक सांगतात आणि आजोबा दुसरंच. शस्त्रसज्जतेच्या नावाखाली दुसराच हिशेब चुकता करायची ही खोड या प्रकारच्या पुढच्या कथांमध्येही उतरली.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि माझं प्रकरण तिच्यावरच उभं होतं. हे ‘शांतताप्रिय, बेसावध राष्ट्र’ नेमकं कुठलं?

कथा छापून येण्याच्या तीनच वर्षं आधी, १८६८ मध्ये, याच ब्रिटनने अ‍ॅबिसिनियावर स्वारी केली होती. सम्राट टेवोड्रोसने काही ब्रिटिशांना डांबून ठेवलं होतं, त्यांना सोडवायला. ही मोहीम निघाली कुठून? आपल्या मुंबईतून. सेनापती होता मुंबईच्या फौजेचा प्रमुख, रॉबर्ट नेपियर. हजारो शिपाई, त्यांत मोठा भाग हिंदी, शिवाय खेचरं, उंट आणि तोफा वाहायला चक्क हत्ती. तांबड्या समुद्राच्या काठी झुला इथे धक्के बांधले, रेल्वे टाकली, पाण्याची सोय केली आणि मग डोंगर चढून मग्दला गाठलं. रसदीचं काम इतकं चोख, की ती मोहीम अजून त्यासाठी अभ्यासली जाते. म्हणजे ज्या देशाला डॉर्किंगला, राजधानीपासून हाकेच्या अंतरावर, आपल्या पोरांना पाव पोचवता येत नाही असं कथा सांगते, त्याच देशाने परक्या पठारावर हत्ती पोचवले होते.

चेस्नीला हे माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. पण कथेचा जीवच त्यावर आहे, की हे दुसरं इंग्लंड नजरेआड राहावं. हिंदुस्थान कथेत येतो तो फक्त सैन्य खाऊन टाकणारी जागा म्हणून, आणि शेवटी हातून गेलेली मालमत्ता म्हणून. परके शिपाई घरात घुसून जेवायला बसल्यावर घरच्यांना काय वाटतं, हे चेस्नीने सर्बिटनमध्ये इतकं अचूक लिहिलं. दिल्लीत ते त्याने दुसऱ्या बाजूने पाहिलं असणार. मला पुरावा नका मागू, हा माझा अंदाज आहे. पण १८५७ च्या सप्टेंबरनंतर दिल्लीत काय झालं ते वाचून मग हा प्रसंग वाचला, की तो अंदाज सुटत नाही.

जे चेस्नीने दडवलं ते एच. जी. वेल्सने उघड मांडलं. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) मध्ये मंगळावरचे लोक उतरतात तेही सरे परगण्यातच, आणि वेल्स सुरुवातीलाच वाचकाला आठवण करून देतो, की टास्मानियाच्या लोकांचं आपण काय केलं. वाटतं, एकाच परगण्यात दोघांनी एकच भीती पेरली, आणि उगवलं मात्र वेगवेगळं.

पंतप्रधान ग्लॅडस्टनचा आक्षेप वेगळा होता. सप्टेंबर १८७१ मध्ये व्हिटबीच्या भाषणात त्याने या घबराटीवर टीका केली. जगात हसं होतंय आणि उगाच खर्च वाढेल, अशी त्याची चिंता. खजिन्याची काळजी रास्त होती, पण ‘आपण शांतताप्रिय आहोत’ हे गृहीतक त्यानेही तपासलं नाही.

तर, माझं प्रकरण असं तयार होतं: चेस्नी म्हणजे वसाहतीतली हिंसा विसरून घरच्या भीतीची कथा रचणारा साहेब. गाईडनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “पुढे काय केलं याने?” मी बघितलंच नव्हतं.

बघितलं. चेस्नी हिंदुस्थानात परत आला आणि १८८६ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा लष्करी सभासद होता. तो काळ आठवा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी, युरोपियनांना त्यातून सूट. १८८५ मध्ये पंजदेहवरून रशियाशी युद्धाची हूल उठली, तेव्हा शहरांमधल्या सुशिक्षित हिंदी लोकांनी अर्ज केले, की आम्हालाही व्हॉलंटियर म्हणून घ्या. सरकारने नकार दिला. नव्या काँग्रेसने १८८६ पासून हा विषय ठरावांत घेतला. डॉर्किंगची अख्खी कथा ‘नागरिकाला वेळेवर शिकवा’ म्हणून ओरडते, आणि इथले नागरिक शिकवा म्हणून दारात उभे, तर दार बंद. माझ्या प्रकरणासाठी हे सोन्यासारखं होतं. मी आनंदाने टिपणं काढायला बसले.

आणि मग कळलं, की याच चेस्नीने हिंदी तरुणांना लष्करी शिक्षण देऊन अधिकारी करावं, त्यासाठी इथे लष्करी कॉलेज काढावं, अशी योजना मांडली होती. ती हाणून पाडणाऱ्यांत सरसेनापती रॉबर्ट्स पुढे होता. हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरा शिपाई, ही कल्पनाच त्याला पचणारी नव्हती.

झाली ना पंचाईत! चेस्नीचा हेतू उदार होता असं मी म्हणत नाही. साम्राज्य टिकवायला त्याला ते शहाणपणाचं वाटलं असेल. पण वेळेवर तयार न केलेला माणूस ऐनवेळी कामाचा नसतो, हे सरेच्या कारकुनांबद्दल लिहिलेलं त्याने इथल्या माणसाबद्दलही मानलं, निदान काही प्रमाणात, एवढं तर कबूल करावं लागेल. मग कथेतलं मौन अज्ञानाचं की सोयीचं, या प्रश्नाला मी दिलेलं सोपं उत्तर आता टिकत नाही. त्याला कदाचित दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि ‘ब्लॅकवूड्स’च्या वाचकाला एकच बाजू विकता येणार होती.

कथा छोटी आहे, एका बैठकीत होते. जुनी असल्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळते. वाचलीत तर सर्बिटनच्या घराचा प्रसंग कसा वाटला ते जरूर कळवा. मी तोवर चौथ्या प्रकरणाचं शीर्षक बदलते. सध्याच्या शीर्षकात ‘आंधळेपणा’ हा शब्द आहे, तो आता तिथे ठेवता येत नाही.