नात्यांसकट नक्कल

पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘कॉपी’ नावाचं एक मॉड्यूल आहे. जेमतेम काहीशे ओळींचं. ते वापरणारे असंख्य, उघडून वाचणारे मात्र थोडे. त्यातलं ‘डीपकॉपी’ हे फंक्शन एखाद्या चांगल्या कथेसारखं सावकाश, ओळ न् ओळ वाचावं, इतकं ते देखणं आहे.

आधी त्याच्यापुढचा पेच पाहू. पायथॉनमधली लिस्ट ऑब्जेक्ट्स स्वतःच्या पोटात ठेवत नाही. ते कुठे सापडतील याचे फक्त पत्ते ठेवते. उथळ प्रत, म्हणजे शॅलो कॉपी, हे पत्तेच उतरवून घेते. पत्त्यांची वही उतरवून काढली म्हणून त्यातल्या माणसांना दुसरी घरं मिळत नाहीत, तसंच हे. शून्यांच्या तीन ओळींचा तक्ता घ्या, त्याची उथळ प्रत काढा आणि प्रतीतल्या एका घरात ५ लिहा. मूळ तक्त्यातही ५ दिसतो, कारण बाहेरची लिस्ट नवी असली तरी आतल्या तिन्ही ओळी त्याच आहेत. उथळ प्रत आणि आतल्या ओळींचीही नवी प्रत काढणारी खोल प्रत, हा भेद पायथॉनच्याही आधीचा. स्मॉलटॉक-८० भाषेवरच्या गोल्डबर्ग आणि रॉब्सन यांच्या १९८३च्या पुस्तकात उथळ आणि खोल अशा दोन्ही प्रती आहेत.

मग खोल प्रत काढायची तर आत आत शिरून दिसेल त्याची प्रत काढत जावं, इतकं ते सोपं वाटतं. इथेच खरी अडचण सुरू होते. समजा, एका वर्गाची यादी आहे. त्यातल्या दोन मुली एकाच प्रकल्पगटात आहेत. दोघींच्या नोंदी त्या एकाच गटाकडे बोट दाखवतात. भोळेपणाने प्रत काढली तर पहिलीबरोबर एक गट तयार होईल, दुसरीबरोबर आणखी एक. आता एकीच्या गटाचा विषय बदलला तर दुसरीच्या गटाला पत्ताच नाही. आकडे, नावं सगळं बरोबर उतरलं, पण ‘या दोघी एकत्र आहेत’ ही गोष्ट मात्र हरवली. त्यातून गटाच्या नोंदीतही सदस्यांची यादी असेल, तर मुलीकडून गटाकडे आणि गटाकडून परत मुलीकडे अशी न संपणारी फेरी सुरू होते. फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याची, म्हणजे रिकर्शनची, पायथॉनमधली मर्यादा एरवी १०००च्या घरात असते. ती ओलांडली की प्रोग्रॅम कोलमडतो.

या दोन्ही दुखण्यांवर डीपकॉपीकडे एकच औषध आहे: ‘मेमो’ नावाची डिक्शनरी. ज्याची प्रत काढायची त्या ऑब्जेक्टला हात लावण्याआधी फंक्शन त्याचा आयडी मेमोत शोधतं. सापडला, तर आधी काढलेलीच प्रत परत देतं. लिस्टची प्रत काढणारा तुकडा तर डोळ्यांसमोर धरून पाहण्यासारखा आहे. पहिल्या ओळीत रिकामी लिस्ट तयार होते. दुसऱ्या ओळीत ती रिकामी लिस्टच मेमोत नोंदवली जाते. आतल्या घटकांच्या प्रती त्यानंतर एकेक करून तिच्यात पडतात. सगळी करामत या क्रमात आहे. भरून झाल्यावर नोंदवू म्हटलं असतं, तर फेरी कधीच थांबली नसती. आधी नोंद असल्यामुळे, फिरून त्याच लिस्टपाशी आलेल्या पावलाला अर्धवट का होईना, पण योग्य प्रत मिळते. ती पुढे भरतेच. दोन ओळींची अदलाबदल केली तर सगळा डोलारा पडेल, एवढा भार त्या क्रमावर आहे.

टपलपाशी ही युक्ती चालत नाही. टपल एकदा घडला की बदलत नाही, म्हणून आधी रिकामा करून मागाहून भरता येत नाही. तिथे कोड वेगळी वाट धरतो. आधी आतल्या घटकांच्या प्रती काढतो आणि मग मेमोत पुन्हा एकदा डोकावतो. एखादा टपल आपल्याच पोटातल्या लिस्टमध्ये असेल, तर घटकांच्या प्रती काढता काढता त्याची स्वतःची प्रत आधीच तयार झालेली असू शकते. तशी ती असेल तर तीच घेतो, दुसरी करत नाही. आणि आतल्या एकाही घटकाची नवी प्रत झाली नसेल, तर मूळ टपलच परत देतो. जे बदलणारच नाही त्याची प्रत काढून काय साधायचं? आकडे, स्ट्रिंग, फंक्शन, क्लास यांनाही डीपकॉपी जसंच्या तसं परत करतं. खोल जायचं म्हणजे कुठे थांबायचं हेही कळायला हवं, आणि या कोडला ते कळतं.

सर्वांत सूक्ष्म जागा आहे ‘कीप अलाइव्ह’ या छोट्याशा फंक्शनात. मेमो आयडीवर चालतो आणि प्रचलित सीपायथॉनमध्ये आयडी म्हणजे मेमरीतला पत्ता. प्रत चालू असताना एखादं तात्पुरतं ऑब्जेक्ट नष्ट झालं आणि त्याच जागी दुसरं आलं, तर मेमो त्या नवख्यालाच जुना समजून चुकीची प्रत हाती देईल. म्हणून हे फंक्शन प्रत काढलेल्या प्रत्येक मूळ ऑब्जेक्टचा संदर्भ काम संपेपर्यंत धरून ठेवतं. तो ठेवायचा कुठे? मेमोतच, खुद्द मेमोच्या आयडीखाली. त्या खणात पहिली नोंद जिथे पडते, तिथल्या टिपणीत लिहिणाऱ्याने एक हसरा चेहराही टाकला आहे. त्याचा आनंद मला पूर्ण पटतो.

एवढं वाचल्यावर खोल प्रतीचं मर्म ध्यानात येतं. खोली मिळवायला रिकर्शन पुरतं. कोण कोणाशी जोडलेलं आहे हे राखायला स्मरण लागतं. उथळ प्रत मूळ ऑब्जेक्टशी नातं टिकवते, आणि पुष्कळदा तेच हवं असतं. खोल प्रत मूळ घरापासून वेगळी होते, पण आतली नाती बरोबर घेऊन जाते. म्हणून कोणती प्रत काढायची हे ठरवताना पहिला प्रश्न हा विचारावा, की काय सामाईक राहायला हवं, आणि कोणाकोणात. स्वतःच्या क्लाससाठी डीपकॉपीची मेथड लिहिताना हाती आलेला मेमो पुढच्या प्रत्येक हाकेला न चुकता द्यावा. तो न देता काढलेली प्रत कितीही खोल गेली, तरी तिच्यातल्या त्या दोन मुली वेगवेगळ्या गटांत पडतील.