मुद्देमालाचा हिशेब : ‘दि हीरो ऑफ एजेस’

त्रिखंडी कादंबरीच्या अखेरच्या खंडाकडे वाचक सावकाराच्या नजरेने पाहत असतो. आधीच्या खंडांत ग्रंथकाराने जी वचने दिली, त्यांची फेड येथे व्याजासह व्हावी, अशी त्याची अपेक्षा असते. चोरीच्या कथेत तर ती अधिकच तीव्र. कारण तिजोरी फोडण्याचा बेत एकदा वाचकासमोर मांडला, म्हणजे मुद्देमाल शेवटी कोठे गेला हे सांगणे कथाकारास चुकत नाही. अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’ त्रयीतील शेवटचा खंड ‘दि हीरो ऑफ एजेस’ (२००८) या कसोटीस कितपत उतरतो, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे. शेवट सांगितल्यावाचून शेवटाची परीक्षा होत नाही. सबब ज्यांस ग्रंथ अद्याप वाचावयाचा असेल, त्यांनी येथेच थांबावे हे बरे.

पहिल्या खंडाचे, म्हणजे ‘दि फायनल एम्पायर’चे (२००६), कथासूत्र सरळ होते. आकाशातून सतत राख पडते आणि रात्री धुके दाटते, अशा एका साम्राज्यावर ‘लॉर्ड रूलर’ हजार वर्षे राज्य करीत आहे. त्याच्या खजिन्यातील ‘एटियम’ नामक दुर्मिळ धातू लांबविण्याचा बेत केल्सियर हा निष्णात चोर आखतो. धातू गिळून तो शरीरात जाळावयाचा व त्यापासून सामर्थ्य मिळवावयाचे, ही त्या जगातील विद्या. ती अंगी असलेली विन नावाची अनाथ पोर त्याच्या टोळीत येते. केल्सियर मारला जातो, मागून सम्राटही पडतो. परंतु एटियमचा साठा काही हाती लागत नाही. ‘दि वेल ऑफ असेन्शन’ (२००७) या दुसऱ्या खंडाच्या अखेरीस विन जुन्या भाकितावर विसंबते आणि ‘रुइन’ या संहारदेवतेस नकळत बंधमुक्त करते. तिसऱ्या खंडाच्या आरंभी जग राखेखाली बुडू लागले आहे.

चोरीलाही शास्त्र असते, हे आमच्या वाचकांस मृच्छकटिकातील शर्विलकाने केव्हाच शिकविले आहे. भिंतीस खिंडार पाडण्यापूर्वी त्याचा आकार कोणता असावा याचा तो विचार करतो, आणि मापाची दोरी नाही म्हणून जानव्याने काम भागवितो. अशा कथेतील आनंद चोरीच्या मालापेक्षा युक्तीत अधिक असतो. प्रस्तुत खंडाचा विशेष हा की, येथे युक्ती चोरांच्या हातून निसटून शत्रूच्या हाती गेली आहे. धातूवर कोरलेला मजकूर सोडल्यास कोणताही लेख रुइन बदलू शकतो; म्हणूनच पूर्वीची भाकिते खोटी ठरली. स्पूक या तरुणाच्या खांद्यात तलवारीचे टोक रुतून राहते, आणि त्या वाटेने मृत केल्सियरच्या आवाजात त्याला उपदेश होऊ लागतो. तो आवाज रुइनचाच. विनच्या कानातील आईने दिलेली कुडी पहिल्या खंडापासून वाचकासमोर आहे. तीही शत्रूची खुंटी होती हे कळते, तेव्हा जुनी पाने पुन्हा उलटून पाहण्याचा मोह आवरत नाही. ज्या टोळीने जगास फसविले तिलाच येथे फसविले जात आहे, आणि तेही तिच्या मृत नायकाच्या वाणीने. यापेक्षा समर्पक उलटापालट आम्हांस सुचत नाही.

मग एटियमचे काय? तो सम्राटाच्या तिजोरीत कधी नव्हताच. ‘कँड्रा’ या रूपे पालटणाऱ्या जातीने तो आपल्या भुयारांत जपून ठेविला होता. आणि तो धातू म्हणजे रुइनचेच शरीर! ‘प्रिझर्व्हेशन’ या रक्षक देवतेने स्वतःची बुद्धी गमावून रुइनला कोंडले आणि त्याचा देह लपविला. म्हणजे केल्सियरचा बेत ही एका फार जुन्या चोरीची लहान प्रतिकृती ठरते. धुक्यात ज्यांचे दुखणे सर्वांत लांबले, तेच सैनिक अखेरीस एटियम जाळण्यास समर्थ ठरतात आणि सारा मुद्देमाल जाळून संपवितात. तीन खंड ज्याचा पाठलाग केला, ते धन कोणाच्याही पदरी पडत नाही. तो नाहीसा होणे हाच लाभ होय.

येथे एक आक्षेप संभवतो. सर्व काही देवतेने आधीच योजिले असेल, तर माणसांनी केले काय? ग्रंथकाराचे उत्तर विचारार्ह आहे. रक्षक देवतेस संहार करता येत नाही. माणसात मात्र दोन्ही वृत्ती आहेत. पती एलेंड मारला गेल्यावर, रक्षकाचे सामर्थ्य धारण केलेली विन स्वतःच्या प्राणांसह रुइनचा नाश करते. देवतेची योजना ज्या एका कृतीवाचून अपुरी राहिली असती, ती कृती शोकाने व्याकूळ झालेल्या स्त्रीच्या हातून घडते. या ठिकाणी यंत्रवत् कथानकात प्राण येतो.

परंतु ग्रंथाचे खरे मर्म सेझेडमध्ये आहे. सुमारे तीनशे नष्ट धर्मांची माहिती जपणारा हा विद्वान प्रिय स्त्रीच्या मृत्यूनंतर एकेक धर्म तपासतो आणि विसंगती आढळताच तो बाजूस सारतो. अखेरीस दोन्ही देवतांचे सामर्थ्य त्याच्याकडे येते आणि त्याच धर्मांनी जपलेल्या नकाशांच्या व आकाशज्ञानाच्या आधारे तो पृथ्वी पुन्हा घडवितो. प्रसंग भव्य आहे. तरीही आमचे समाधान पूर्ण होत नाही. धर्म उपयोगी ठरला म्हणजे श्रद्धेचा प्रश्न सुटला असे नव्हे. सेझेडने विचारले होते की, मेलेल्यांचे काय होते? त्याला मिळाले ते सृष्टिरचनेचे ज्ञान. ग्रंथकाराने या दोहोंतील अंतर झाकून टाकले आहे.

भाषाही कथानकाच्या योग्यतेस पोचत नाही. वाक्ये सपाट आहेत, विद्येचे नियम पुनःपुन्हा समजाविले जातात, आणि शेकडा १६ या आकड्याचे कोडे कथेपेक्षा गणिताच्या वहीत शोभले असते. असे असूनही, घेतलेले ऋण इतक्या प्रामाणिकपणे फेडणारा शेवट अद्भुतरम्य वाङ्मयात विरळा. प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी बोलणारा अज्ञात निवेदक सेझेडच होता, हे कळल्यावर त्रयी पहिल्या पानापासून पुन्हा वाचावी, अशी आमची शिफारस आहे.