चाकणचा वेढा आणि धर्मयुद्धाची उपपत्ती

चाकणचा १६६० चा वेढा म्हणजे केवळ धर्मयुद्ध, ही उपपत्ती पुराव्यापुढे टिकत नाही. फिरंगोजी नरसाळ्याने संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने झुंजविला. वेढा घालणाऱ्या शाएस्तेखानाच्या फौजेत बुंदीचा राव भावसिंह हाडाही होता. अहमदनगरकडून येणारी रसद निर्वेध राहावी म्हणून खानास हे ठाणे हवे होते. पुढे १६८६ मध्ये औरंगजेबाने मुसलमानी विजापूरही बुडविले. तथापि धर्मास निष्प्रभ ठरविणेही तितकेच एकांगी होईल. १६७९ च्या जिझियाने राजकीय वैरास धार्मिक धार आणली, हे नाकारता येत नाही. म्हणून युद्धाचे कारण आणि त्याचे समर्थन यांची गल्लत अभ्यासकाने टाळावी. अन्यथा रसदीसाठी झालेल्या रक्तपाताचे वैर आजच्या शेजाऱ्यांच्या माथी येते.