धातुप्राप्तीची मराठी परिभाषा : एक चिकित्सा

विद्युत्-रसायनाच्या साहाय्याने धातुकांतून धातू मिळविण्याच्या विद्येविषयी मराठीत लेखन झाले आहे. परंतु त्याची परिभाषा एकसूत्री नाही. मराठी विश्वकोश ज्या प्रक्रियेस ‘विद्युत् विच्छेदन’ म्हणतो, तीच शालेय पाठ्यपुस्तकांत ‘विद्युत अपघटन’ होते. नावे दोन आढळली की विद्यार्थी क्रियाही दोन कल्पितो.

याहून मूलगामी उणीव अशी की, दोन्ही संज्ञा केवळ ‘तुटणे’ सांगतात. धातुप्राप्तीचे प्रयोजन मात्र ‘साचणे’ हे असते. कोठे साचणे, हाही प्रश्न गौण नव्हे. तांबे ऋणाग्रावर साचते. उलट, भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉयल’च्या कारखान्यात विद्युत्-पद्धतीने मँगॅनीज डायऑक्साइड तयार करतात, ते धनाग्रावर साचते. एके ठिकाणी क्षपण इष्ट, तर दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिडीभवन. या भेदासाठी ‘विद्युत् निक्षेपण’ ही संज्ञा स्वतंत्रपणे योजणे अगत्याचे होय.

‘निकृष्ट धातुक’ हा प्रयोगही सदोष आहे. तो प्रमाण सांगावयाचे सोडून निवाडा देतो. शंभर किलोग्रॅम दगडात एक किलोग्रॅमहूनही कमी तांबे असलेली धातुके आज जगात खणली जातात. त्यांस निकृष्ट म्हणणे म्हणजे या विद्येचे प्रयोजनच नाकारणे होय. ‘अल्पांश धातुक’ हे नाव अधिक यथार्थ ठरेल.

‘निक्षालन’ ही संज्ञा निर्दोष, पण अपरिचित आहे. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील विद्यार्थ्यास उसाचा रस, मागे उरणारे चिपाड आणि उकळत्या रसावरची मळी ही परिचित असतात. अम्लात धातू उतरणे, दगडाचा चोथा उरणे, विद्राव निवळणे आणि शेवटी इष्ट पदार्थ घनरूपात हाती येणे, हा क्रम त्याला याच शब्दांनी उमगेल. साम्य अर्थात् क्रमापुरतेच. साखर विजेने साचत नाही.

म्हणून संस्कृत संज्ञा त्याज्य ठरत नाहीत. ‘निक्षालन’पासून निक्षालित, निक्षालक असे शब्द सहज साधतात, ‘निवळणे’ या क्रियापदास ते सामर्थ्य नाही. व्याख्येत संज्ञा आणि विवरणात व्यवहारातील शब्द, अशी विभागणी हवी. विवरणातही संज्ञाच योजल्या, तर विद्यार्थी शब्द पाठ करील; प्रक्रिया त्याला कळणार नाही.