शिट्टीच्या आधीचं

हांगझोऊच्या त्या शर्यतीची चित्रफीत मी नेहमी आवाज बंद करून बघतो. समालोचकांना इतिहास घडल्याचं सांगायची फार घाई असते, आणि मला बघायचा असतो माणूस. 1 ऑक्टोबर 2023, आशियाई खेळ, पुरुषांची 3000 मीटर स्टीपलचेस. रेषेवर अविनाश साबळे. गाव बीड जिल्ह्यातलं मांडवा, नोकरी फौजेत, महार रेजिमेंटची.

ही शर्यत नीट चाखायची तर आधीचा कडूपणा जिभेवर असावा लागतो. वर्षभरापूर्वी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत सुवर्ण अवघ्या 5 शतांश सेकंदांनी हुकलं होतं. तरीही 1994 नंतर राष्ट्रकुलात या शर्यतीचं पदक केनियाबाहेर नेणारा हा पहिला गडी. मग 19 ऑगस्ट 2023 ला बुडापेस्टची जागतिक स्पर्धा, आणि तिथे प्राथमिक फेरीतच सातवा. पहिले पाच पुढे गेले, हा घरी. त्यानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा रेषेवर उभं राहायचं. त्या वेळी त्याच्या पोटात गोळा आला नसेल, हे मी तरी मानणार नाही.

शंभर मीटरवाल्याचं बरं असतं. त्याला ठोकळ्यांत पाय रोवून बसता येतं, ‘सेट’ म्हणतात तेव्हा कंबर उचलता येते. लांब पल्ल्यात ‘ऑन युअर मार्क’ झालं की थेट बंदूक. मधल्या वेळात हात जमिनीला लावायचा नाही, हलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. भीतीला सगळ्यात मोकळं रान मिळतं ते इथे.

हे रान मला ओळखीचं आहे. इथे कोंढ्यात पहाटे पवनीच्या रस्त्यावर पोरं पोलीस भरतीसाठी पळतात, आणि शिट्टी व घड्याळ माझ्याकडे असतं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, पायाखाली डांबर. चाचणीच्या दिवशी एकेक जण तीन-तीनदा झाडामागे जाऊन येतो. जांभया देतो, तोंडाला कोरड पडते. एक जण म्हणाला, “सर, शिट्टी वाजाच्या अगोदरच मले दम लागते.” खरंच लागतो. अॅड्रेनलिन उसळलं की रक्त पोटातून मांड्यांकडे वळतं, श्वास वरवरचा आणि भराभर होतो, बोटांना मुंग्या येतात. शरीर पळायची तयारी करत असतं आणि पोराला वाटतं, आपण आजारी पडलो.

मग शिट्टी वाजते आणि हीच भीती घाई होऊन पायांत उतरते. 1600 मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे दर चारशेला साडेसत्त्याहत्तर सेकंद. घाबरलेला पोरगा पहिलं चारशे अडुसष्टात मारतो आणि शेवटच्याला नव्वद मोजतो.

म्हणूनच हांगझोऊची सुरुवात पहिल्यांदा बघितली तेव्हा मला धसकाच बसला. साबळे लवकरच सगळ्यांच्या पुढे निघाला. माझ्या एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी ओरडलो असतो. पण ही घाई नव्हती. कुणाच्या खांद्याला खांदा लागायला नको, पुढच्याच्या पाठीआड अडथळा लपायला नको, एवढीच मोकळी जागा त्याने स्वतःसाठी करून घेतली होती. भीतीने पळणं आणि भीतीला सोबत घेऊन पळणं लांबून सारखंच दिसतं. फरक कळतो तो अडथळ्यापाशी. घाबरलेला धावक अडथळा जवळ आला की पावलं तोडतो, दोन-तीन आखूड टाकून थबकतो आणि मग उडी घेतो. सावरलेला पंधरा पावलं आधीच हिशेब करून येतो.

स्टीपलचेसची खरी गंमत मला इथेच वाटते. 28 कोरडे अडथळे, 7 पाण्याचे. लाकूड 91.4 सेंटीमीटर उंच आणि पक्कं. पाय लागला तर ते पडत नाही, तुम्ही पडता. पाण्यापाशी त्याच लाकडावर पाय देऊन झेपावायचं, पलीकडे 3.66 मीटरचा खड्डा. एकूण पस्तीस वेळा मनाला सांगावं लागतं: आता फक्त हे. निकाल काय लागेल, घरचे काय म्हणतील, बुडापेस्ट, या सगळ्याला मध्ये शिरायला जागाच उरत नाही. भीती जात नाही. तिला कामाला लावलं जातं. सपाट शर्यतीत ही सोय नाही, म्हणून मला ती जास्त क्रूर वाटते.

शेवटच्या सरळ पट्ट्यात साबळे मागे वळून बघतो. मागे बरंच अंतर मोकळं. 8 मिनिटं 19.50 सेकंद, स्पर्धेचा विक्रम. दुसरा आलेला जपानी धावक सव्वाचार सेकंदांनी मागे. या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. चित्रफीत फिरवणारे सगळे इथेच थांबतात, हात उंचावलेल्या त्या चौकटीवर. मी मात्र पोरांना पुन्हा पाण्याच्या पहिल्या उडीपाशी नेतो.

त्यानंतर आम्ही आमच्या सपाट रस्त्यावर अडथळे ठरवून टाकले. आधी कडुनिंब, मग पाटाचा पूल, मग मैलाचा दगड, मग वळण. शिट्टीआधी लांब श्वास सोडायचा, घेण्याची चिंता करायची नाही, आणि नजर कडुनिंबावर ठेवायची. दम लागणारा तो पोरगा काल रेषेवर आला. बोटं थरथरतच होती. एरवी तो माझ्या तोंडातल्या शिट्टीकडे बघत असतो. काल बघत नव्हता. मी शिट्टी जरा उशिराच वाजवली.